केशोरीचं लग्न आणि हिरोची पाठ

दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहून द्या असा फोन आला, तेव्हा मी सवयीनं विचारलं, "कोणत्या पॅकेजमध्ये?" पलीकडे बाई गोंधळल्या. त्यांची चूक नाही. मी लग्नाची शूटिंग करणारा माणूस. साधं, मीडियम आणि रॉयल, यापलीकडे जगाची विभागणी मला येत नाही. गोंदियात माझा स्टुडिओ आहे. बाहेरच्या बोर्डावर एका जोडप्याचा मोठा फोटो आहे. त्या जोडप्याचा घटस्फोट होऊन गेला, तरी फोटो मी काढलेला नाही, कारण फ्लेक्स चांगल्या क्वालिटीचा आहे.

लोकांना वाटतं, लग्न लागतं आणि आम्ही ते टिपतो. प्रत्यक्षात मांडवात भटजीनंतर हुकूम आमचाच चालतो, आणि कधी कधी भटजीच्या आधी. नवरी हार घालते, मी म्हणतो, पुन्हा घाला, मामा मधे आले. ती पुन्हा घालते. आई पोरीला कवटाळून रडते ते खरं असतं, पण आमची लाइट तेव्हा दुसरीकडे असते, म्हणून ती पुन्हा रडते. एवढ्या वर्षांत एकाही आईनं नाही म्हटलेलं नाही. असं म्हणा ना, की दर लग्नात थोडी शूटिंग मिसळलेली असते आणि घरच्यांना ते चालतं.

माझे पराक्रम सांगायचे तर अंक पुरणार नाही. नवेगाव बांध गावच्या तलावावर एका जोडप्याचं प्री-वेडिंग करत होतो. नवरदेवाला तलावाकडे तोंड करून हात पसरायला लावले. त्याच्या मागून माझा नवा ड्रोन उठला, एक गिरकी घेतली आणि पाणकावळ्यासारखा सरळ पाण्यात शिरला. पाणकावळा निदान वर येतो. मच्छीमारांनी जाळं टाकून पाहिलं. मासे निघाले, ते त्यांनी मलाच विकले. दुसऱ्या एका लग्नात मी एका पोरीच्या फिल्ममध्ये दुसऱ्याच पोरीची पाठवणी जोडून दिली. घरचे ती फिल्म कित्येक महिने पाहून रडत होते. शेवटी त्यांच्या आजीनं विचारलं, ह्या रडणाऱ्या बाया कोण होत?

या सगळ्यावर मी चहा पिता पिता हसतो. एका लग्नावर मात्र हसता येत नाही, आणि दुर्दैवानं तेच लग्न मी सगळ्यांत जास्त हसत सांगितलं आहे.

एका हिंदी सिनेमाचं युनिट नवेगाव बांधला उतरलं होतं. सिनेमाचं नाव सांगत नाही. शूटिंग चालू असतानाच ते दोनदा बदललं. गोष्ट नवरा-बायकोच्या फसवाफसवीची. एक माणूस श्रीमंत घरच्या मुलीशी खोटं लग्न लावतो. पाहुणे भाड्याचे, आईबाप भाड्याचे, भटजी नाटकातला. मालमत्ता हातात आली की लग्न झालंच नव्हतं म्हणून मोकळा होणार. पण बायको त्याच्याही वरची. तिला मांडवातच वास लागलेला असतो आणि तिनं गुपचूप नाटकातल्या भटजीच्या जागी खरा भटजी बसवलेला असतो. शेवटी कोर्टात नवरा ओरडत राहतो की सगळं खोटं होतं, आणि दारातून खरा भटजी आत येतो. मधे तलाव आहे, होडी आहे, एक प्रेत आहे. ते सोडून द्या.

मी त्या युनिटचा लोकल कोऑर्डिनेटर. म्हणजे जनरेटर कुठं ठेवायचा, बकरी कुठून आणायची, गावातली कुत्री गप्प कोण बसवणार, या सगळ्यांसाठी शिव्या खाणारा एकच माणूस. हुकूम द्यायला रिया नावाची मुंबईची असिस्टंट डायरेक्टर होती. माझ्या मुलीच्या वयाची, दर शिवीला आणि माझ्या नावालाही 'जी' लावणारी. तिला लग्नाच्या सीनसाठी गर्दी हवी होती. "सेवकजी, भीड़ असली चाहिए. जूनियर आर्टिस्ट शादी में ऐसे खड़े रहते हैं जैसे बस की राह देख रहे हों."

त्याच आठवड्यात केशोरीला यादोराव यांच्या मुलीचं, सरिताचं लग्न होतं आणि शूटिंग माझी होती. साधं पॅकेज. माझ्या डोक्यात वीज चमकली. आता वाटतं, वीजच होती. ती कुठंतरी पडणारच होती. मी यादोरावांकडे गेलो. म्हटलं, मामाजी, मांडव त्यांचा, लाइट त्यांची, बॅन्ड त्यांचा, जेवण त्यांचं. वर दर पाहुण्याला हजेरीचे पैसे.

"अन् लगन?"

"लगन तुमचंच."

"मंग त्याईले काय भेटते?"

"लांबून फोटो. नवरा-नवरीचे जवळून फोटो ते हिरो-हिरोइनचे काढतीन."

यादोरावांनी उलटसुलट विचार केला. धानाची शेती करणारा माणूस, फुकट मिळणाऱ्या वस्तूत खोट कुठं असते ते त्यांना ठाऊक होतं. पण खोट दिसेना. "येडे हायत का जी?" एवढंच म्हणाले आणि कबूल झाले.

नवरदेव विनोद. अर्जुनीला मोबाईल दुरुस्तीचं दुकान. बाप वारलेला, म्हणून मोठा भाऊ रमेश सांगेल ती पूर्व दिशा. रियानं विनोदला मागून पाहिलं आणि तिचा चेहराच खुलला. उंची, खांदे, मान, मागून हुबेहूब सिनेमाचा हिरो. झालं, नवरदेवाची पाठ युनिटनं बुक केली. विनोद त्या दिवसापासून चालतानाही पाठ ताठ ठेवायला लागला.

लग्नाच्या दिवशी आधी सगळ्यांचे मोबाईल एका पोत्यात जमा झाले. सिनेमाचे सीन बाहेर फुटू नयेत म्हणून युनिटचा तो नियमच होता. सकाळी हिरो-हिरोइनचं काम झालं. दुपारी मुहूर्ताला सरिता आणि विनोद उभे राहिले, महाराजांनी, म्हणजे भटजींनी, मंगलाष्टकं म्हटली, हार पडले, अक्षता उडाल्या, आणि तेवढ्यात सूर्यावर ढग आला. रिया पुढं आली. "पंडितजी, एक बार और."

महाराजांनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "बाई, लगन एकदाच लागते. दुसऱ्यांदा लावाचं असन तं नवरा बदला."

मांडव हसला. मी मधे पडलो, हातापाया पडलो. मग महाराजांनीच तोड काढली. ही हारफुलं, हे गाणं, ते तुमचं जेवढ्या वेळा पाहिजे तेवढ्या वेळा होऊ द्या. तुमचं आवरलं की आम्ही आमचं लग्न लावतो. झालंही तसंच. तीन वेळा हार पडले, तीन वेळा बॅन्ड वाजला. मग लाइट बंद झाली आणि युनिट जेवायला आपल्या तंबूत गेलं. मागं मांडवात महाराजांनी नवऱ्याचे पाय धुणं, कन्यादान, सात पावलं, सगळं रीतसर लावलं.

लग्नाचा शूटिंगवाला खऱ्या लग्नाच्या वेळी कुठं होता? युनिटच्या तंबूत. आइस्क्रीम खात. हिरोइन दोन खुर्च्या सोडून बसली होती आणि तिनं मला पाण्याची बाटली द्यायला सांगितलं. या प्रसंगाला मी पुढं 'आमचं बोलणं झालं' असं म्हणत आलो.

परत आलो तर सगळं उरकलेलं. मग काय करणार? लाइटमध्ये चमकणारे तीन हार छान जोडले, वर सनईचं संगीत टाकलं आणि पेनड्राइव्ह दिला. यादोरावांनी पाहिला. "सेवकभाऊ, पाय धुतले ते काऊन नाई दिसून राहिले?"

"मामाजी, ते पवित्र असते. कॅमेऱ्यात घेत नाही."

त्यांनी मान डोलावली. देवाधर्माच्या नावावर इतकी बेमालूम थाप मी पुन्हा मारू शकलेलो नाही.

सिनेमा मोबाईलवर आला. केशोरीनं तो शेतात, बांधावर, एसटीत पाहिला. शेवटी नावं धावतात तिथं माझं नाव होतं, एक हॉटेल आणि बकरी देणारा यांच्या मधोमध. विनोदचं नाव कुठंच नव्हतं. त्यानं तो भाग थांबवून थांबवून पाहिला. हिरोची पाठ म्हणून जी दिसते ती माझी आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा. मित्र म्हणायचे, हो रे, अन् डोकं त्याचं. हे त्याला लागलं. एक दिवस दुकानाची चावी रमेशकडे टाकून तो मुंबईला गेला, तोंडानिशी दिसायला. आधी सरिताला रोज फोन, मग रविवारचा फोन, मग मिस्ड कॉल, मग तेही नाही. थोडे दिवस माहेरी राहून ये म्हणत रमेशनं तिला केशोरीला आणून सोडलं आणि न्यायला आलाच नाही.

हे सगळं मला कळत होतं, पण उडत उडत. मी माझ्या गोष्टीत रमलो होतो. चहाच्या टपरीवर, बारशात, बँकेच्या रांगेत, कुणी विचारलं नाही तरी. आधी मी सांगायचो की लग्नात शूटिंग झाली. मग सांगायला लागलो की शूटिंगमध्ये लग्न झालं. शेवटी शेवटी त्यातून लग्न गळूनच पडलं. सगळं मी उभं केलं होतं, नवरा-नवरीसकट, असा शेवट केला की लोक जास्त हसायचे. गोष्ट सांगणाऱ्याला हसणाऱ्यांसारखा वाईट गुरू नाही.

अशात एक दिवस बालाघाटकडून दोन गृहस्थ स्टुडिओत आले. तुलारामजी आणि त्यांचा मेहुणा. तुलारामजींच्या मुलीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. शूटिंग पाहिजे, रॉयल. मी चहा मागवला. बोलता बोलता तुलारामजींनी सिनेमाचा विषय काढला. तो केशोरीवाला लग्नाचा सीन, ती शादी सच्ची होती का?

मी हसलो. देवा, कसा हसलो. "काहे की सच्ची, भाईसाहब! पूरी मैंने खड़ी की थी. दूल्हा-दुल्हन, बराती, पंडित, सब अपने आदमी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मला वाटलं, कौतुक. मी खुशीत येऊन ड्रोनची शूटिंग फुकट देऊन टाकली.

मुलगा कोण, हे मी विचारलंही नाही. आमच्या धंद्यात नाव शेवटी लागतं, आल्बमवर छापताना.

चार दिवसांनी यादोराव आणि सरिता स्टुडिओत आले. यादोराव बसले. ती बसली नाही. बोर्डावरच्या फोटोसारखी दारात उभी राहिली आणि तिथूनच बोलली. मुंबईत काही जमलं नाही म्हणून विनोद परत आला होता. रमेशनं त्याच्यासाठी बालाघाटकडची सोयरीक पाहिली होती. मुलीकडच्यांच्या कानावर केशोरीचं लग्न आलं, तेव्हा रमेशनं त्यांना सिनेमा दाखवला. हे पाहा, हाच मांडव, हेच लोक, आमचा पोरगा तिथं पाठीच्या कामाला होता. पटत नसेल तर गोंदियाला त्या शूटिंगवाल्यालाच विचारा.

"अन् तुमी सांगितलं म्हणते," सरिता म्हणाली. "मले एकच सांगा भाऊ. माहं लगन झालं का नाई झालं?"

"झालं ना बाई."

"मंग त्याईले काऊन सांगितलं का नाई झालं म्हणून?"

मी म्हटलं, गंमत करून राहिलो होतो. यादोराव खाली पाहत होते. म्हणाले, "गंमत तं चांगली झाली."

मी तिथंच तुलारामजींना फोन लावला. घाईघाईनं, अर्धी हिंदी अर्धी मराठी, खरं काय ते सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भैया, उस दिन एक बात बोले, आज दूसरी. कल तीसरी बोलोगे?" फोन ठेवला.

मग आम्ही साक्षीदार मोजायला बसलो. पाहुणे? सगळ्यांनी युनिटची हजेरी घेतलेली. महाराज? त्यांची दक्षिणाही युनिटनंच दिलेली. रमेश म्हणणार, पंडितबी हजेरीवर होता. मोबाईलमधले फोटो? मोबाईल पोत्यात होते. पंचायतीत नोंद कुणी केली नव्हती. राहिला माझा पेनड्राइव्ह, आणि त्यात होते लाइटमध्ये चमकणारे तीन हार आणि मागून ओरडणारी रिया. एखाद्या पोरीचं लग्न पुसून टाकायचं ठरवलं असतं तरी मला इतकं स्वच्छ जमलं नसतं.

साक्षगंध दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. मला बसवेना. उठत होतो, पंखा वाढवत होतो, कमी करत होतो, बाहेर जाऊन बोर्ड पाहून येत होतो. मग कॉम्प्युटरपुढं बसलो. म्हटलं, ह्यातला रियाचा आवाज काढतो, क्लॅप काढतो, दोन हार उडवतो, एकच ठेवतो. महाराजांचे मंत्र दुसऱ्या लग्नातले लावतो. संध्याकाळपर्यंत असं लग्न तयार होईल की ब्रह्मदेवालाही खोट सापडणार नाही. हात सुरूही झाले होते. सरिता माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली.

"काय करून राहिले?"

"शूटिंग काढून टाकतो. लगन तेवढं उरते."

"नोका काढू," ती म्हणाली. "उद्या ते म्हणतीन, जोडलं. अन् खरंच जोडलं राहीन."

हात थांबले. मग करायचं काय म्हणून मी मूळ फुटेज उघडलं. त्या दिवशी माझे तीन कॅमेरे होते. त्यांतला सगळ्यांत जुना मांडवाच्या कोपऱ्यात स्टँडवर लावला होता आणि जेवायच्या घाईत मी तो बंद करायला विसरलो होतो. युनिटच्या माणसांनी वायरी ओढताना त्याला धक्का लागला असणार, कारण स्टँडचं डोकं खाली पडलं होतं. डोकं पडल्यानंतरचं पहिलं मिनिट मी एडिटिंगच्या वेळी पाहिलं होतं. नुसती जमीन. आमच्या भाषेत कचरा. टाकायचाही कंटाळा केला, म्हणून तो हार्डडिस्कमध्ये पडून राहिला.

आता आम्ही तिघांनी तो पूर्ण पाहिला. सतरंजीचा एक कोपरा. वायरी ओढत गेलेल्यांचे बूट. मग शांतता, लांबून भांड्यांचा आवाज. मग पितळेची परात येते. हळदीनं पिवळे झालेले दोन पाय तीत उभे राहतात. दोन म्हातारे हात त्यांच्यावर पाणी घालतात, बोटांमधून अंगठा फिरवतात. पाय गुदगुल्या होऊन मागं सरतात. "नोका ओढू जी, जवाईबापू," यादोरावांचा आवाज. वरून कुणीतरी हसतं. रमेशचा आवाज येतो, आणखी पाणी आणा म्हणून. मग महाराजांचे मंत्र, संथ, एकदाच. शेवटी शालूचा काठ आणि शेल्याचं टोक यांची गाठ फ्रेमच्या कडेनं जाते, पुढं पिवळे पाय, मागं जोडव्यांचे पाय, एकेका तांदळाच्या ढिगावर एक पाऊल. चेहरा एकाचाही नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत वाईट फ्रेम.

यादोराव स्क्रीनच्या अगदी जवळ सरकले होते. "हे माहे हात होत," म्हणाले. सरितानं फक्त एवढंच म्हटलं, "मले बी न्या उद्या."

दुसऱ्या दिवशी माझ्या व्हॅनमध्ये ट्रायपॉड, लाइट, ड्रोनची पेटी आणि त्यांच्या मधे हे बाप-लेक, असे आम्ही निघालो. नदीचा पूल ओलांडला की मध्य प्रदेश लागतो, आणि पूल ओलांडेपर्यंत मी तीनदा गाडी थांबवली. एकदा हवा पाहिली, एकदा पाणी प्यालो, एकदा काहीच कारण नव्हतं. यादोराव म्हणाले, "आता थांबू नोका. मले बी परत जावंसं वाटून राहिलं." सरिता खिडकीतून धानाकडे पाहत होती. मी मनातल्या मनात भाषण जुळवत होतो आणि दर वेळी ते विनोदी होत होतं.

तुलारामजींच्या अंगणात शामियाना, खुर्च्या, पाहुणे. मला ते कॅमेरा लावायची जागा दाखवायला पुढं आले आणि मागून उतरलेल्या सरिताला पाहून थांबले. विनोद नव्या कोटात खुर्चीवर होता. तो तिला पाहून उठला, मग बसला, मग पुन्हा उठला. आमच्या दोघांची अवस्था सारखीच होती.

तुलारामजी भला माणूस. आरडाओरडा केला नाही. म्हणाले, जो है, अंदर बताओ. आतल्या खोलीत धानाची पोती एका बाजूला, दुसऱ्या बाजूला टीव्ही. मी कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली. दोनदा चुकीच्या भोकात घातली. तुलारामजी, त्यांची बायको, रमेश, विनोद, आम्ही तिघं. दारात साक्षगंधाच्या साडीत मुलगी उभी, प्रतिभा तिचं नाव. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी जा म्हटलं नाही.

टीव्हीवर परात आली. पाय आले. हात आले. रमेशचा आवाज आला तेव्हा तुलारामजींनी त्याच्याकडे पाहिलं.

रमेश मुळीच गडबडला नाही. आवाज तर डबिंगमध्ये टाकता येतो, हे सेवकभाऊच टपरीवर सांगत असतात, म्हणाला. खरं होतं. सांगत असतो. आणि पाय कुणाचेही असू शकतात. मी काहीही बोललो तरी ती माझी तिसरी बात झाली असती. रमेशला आता रंग चढला होता. तो टीव्हीपाशी गेला आणि पिवळ्या पायांवर बोट ठेवून म्हणाला, "हे तं हिरोचे पाय होत. सिनेमात लगन तं त्याचंच होतं."

इतका वेळ खाली मान घालून बसलेला विनोद एकदम वर पाहायला लागला.

"कायचे हिरोचे?" तो म्हणाला. "हिरोनं मोजडी काढलीच नवती दिवसभर. जमीन तापली म्हणून. अनवाणी मी होतो. पाठ बी माही, पाय बी माहे, अन् नाव त्याचं?"

रमेशचं बोट अजून स्क्रीनवरच होतं. विनोदला आपण काय बोललो ते आमच्या चेहऱ्यांवरून कळत गेलं, हळूहळू, पाणी चढावं तसं. पण त्यानं शब्द मागं घेतला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. तो पुन्हा पायांकडेच पाहत राहिला.

प्रतिभा दारातून म्हणाली, "पाँव आपके, तो बीवी किसकी?"

उत्तराची वाट न पाहता ती साडी बदलायला आत गेली. तुलारामजींनी माझ्याकडे पाहून हात हलवला, बंद करो. मग बाहेर जाऊन त्यांनी पाहुण्यांना सांगितलं की आज कार्यक्रम नाही, पण जेवण तयार आहे, कुणी उपाशी जायचं नाही. लोक जेवले. मलाही वाढलं. लग्नघरचं जेवण मी पहिल्यांदाच मान खाली घालून जेवलो. रमेश मोटरसायकलवरून निघून गेला, भावाला न विचारता.

आम्ही गाडीपाशी आलो तेव्हा विनोद मागून आला. कोट हातात. यादोराव तोंड फिरवून उभे राहिले. तो सरिताला म्हणाला, "मी बी येऊ का?"

माझा हात आपोआप कॅमेऱ्याच्या पट्ट्याकडे गेला. सवय. सरिता माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "भाऊ, हे नोका घेऊ." मी हात खिशात घातला.

मग ती त्याच्याशी बोलली. आवाज चढवला नाही. "गाडीत नाई. एसटीनं या. तुमच्या भावानं अन् तुमी ज्या ज्या घरी सांगितलं का शूटिंग होती, त्या त्या घरी जा, अन् सांगा का लगन झालं होतं. सगळे घरं झाले का मंग केशोरीले या. तुमाले घरात घेतो का नाई, ते तवा पाहू."

"अन् नाई घेतलं तं?"

"तं नाई घेतलं. पण झालेलं लगन तुटन. न झालेलं कसं तुटन?"

विनोदनं कोट खांद्यावर टाकला. मग हो म्हणाला. सरिता पुढच्या सीटवर बसली, दार लावलं आणि माझ्याकडे वळली. मला वाटलं, आभार मानणार. चेहराही मी त्या तयारीचा केला होता.

"तुमी बी भाऊ," ती म्हणाली. "तुमी तं त्याच्याहून जास्त घरी सांगितलं."

विनोद अजून फिरतो आहे. परवा गोठणगावकडे कुणाच्या तरी ओसरीवर दिसला म्हणतात, पाणी पीत, बोलत. अजून किती घरं राहिली ते त्यालाच ठाऊक. रमेश त्याच्याशी बोलत नाही. सरिताला विचारलं तर ती म्हणते, पाहून राहिली.

माझं काम विनोदपेक्षा जड आहे. घर दाखवता येतं, टपरी कुठं संपते ते सांगता येत नाही. जिथं जिथं मी ती गोष्ट सांगितली तिथं तिथं जातो, चहा मागवतो आणि म्हणतो, ते लग्न खरं होतं. लोकांना वाटतं, गोष्टीचा नवा भाग आला. खुर्च्या पुढं ओढतात, हसायच्या तयारीनं बसतात. मी पुढं काही सांगत नाही, तर चिडतात. एक जण म्हणाला, पहिली गोष्ट जास्त चांगली होती. होतीच.

बसस्टॉप झाले, बँक झाली, बारशी झाली, सोयरे झाले. छापून सांगायचं राहिलं होतं, कारण ज्यांना मी कधी भेटणार नाही त्यांच्यापर्यंतही ती गोष्ट गेली असणार. तुमच्या कानावर आली असेल, कुणी हसत सांगितली असेल, की गोंदियाच्या एका शूटिंगवाल्यानं अख्खं लग्न खोटं उभं केलं होतं, तर त्याला सांगा. यादोरावांच्या मुलीचं, सरिताचं लग्न केशोरीला झालं होतं.